मदत हवी आहे : ‘आयरनी’ला मराठीत काय म्हणता?

मंडळी, एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय आणि ‘आयरनी’पाशी गाडी अडलीय. बोलण्यातली असेल तर सोपं आहे. तासभर उशिरा आलेल्याला ‘या, फारच लवकर आलात!’ म्हटलं की झाला उपरोध. पण अग्निशमन केंद्रालाच आग लागली तर? तिथे कोणी बोललेलंच नाही, मग उपरोध कसला! हिंदीत अशा वेळी सर्रास ‘विडंबना’ लिहितात. आपल्याकडे विडंबन म्हटलं की एखाद्या कवितेची केलेली टिंगल आठवते. ‘दैवदुर्विलास’ वापरून पाहिला, पण त्यात नुसतं हळहळणं आहे, गालातल्या गालात हसणं नाही. मूळ ग्रीक ‘आयरोनेइया’ म्हणजे अज्ञानाचं सोंग, त्याचाही इथे उपयोग नाही. तुम्ही काय वापरता? की सरळ ‘गंमत म्हणजे’ लिहून मोकळी होऊ?