जपानात गल्लीतल्या रामेनच्या दुकानात जायचंय, कुणी गेलंय का?

गंगावेशीतला:
मंडळी, कंपनी मला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला दोन आठवडे टोकियोला पाठवतेय. शेवटचे चार दिवस बायकोही येणार आहे. मोठ्या हॉटेलात नको, कामगार जेवतात तसल्या छोट्या दुकानात रामेन, म्हणजे रश्श्यातले नूडल्स, खायचंय. नूडल्स वेगळे आणि रस्सा वेगळा देतात, तेही. माझं जपानी ‘अरिगातो’पाशी संपतं. बायको चिकन-मटण खाते, डुकराचं नाही. आत गेल्यावर नेमकं करायचं काय?

उद्यमनगरचा लेथवाला:
भावा, बरोबर माणसाला विचारलंस. २०२४ च्या पावसाळ्यात मी तीन महिने टोकियोच्या ओता वॉर्डात, कामाता स्टेशनजवळ होतो. ओता म्हणजे त्यांचं उद्यमनगरच समज. छोट्या छोट्या शेडी, खाली लेथ आणि वर बिऱ्हाड. तिथल्या गल्लीत एक दुकान. नऊ स्टुलं, एक मालक, एक पोरगा. दारावर पडदा लटकत असला की दुकान चालू.

दारातच तिकिटाचं मशीन असतंय. आधी पैसे, मग बटण. वाचता येत नसलं तर डावीकडचं सगळ्यात वरचं दाब, बहुतेक ठिकाणी तोच दुकानाचा खास माल. हजार येनच्या सुट्ट्या नोटा खिशात ठेव. त्या जुलैत जपाननं नव्या नोटा काढलेल्या आणि ते जुनं मशीन माझी कोरी करकरीत नोट चारदा बाहेर फेकत होतं. मागं सहा जण उभे. कुणी हूं की चूं नाही, त्यानं तर आणखी घाम फुटला.

तुला पाहिजे त्याला त्सुकेमेन म्हणतात. नूडल्सची मापं तीन: नामी म्हणजे साधं, चू म्हणजे मधलं, ओमोरी म्हणजे मोठं. पुष्कळ दुकानांत भाव एकच. मी कोल्हापूरचा, दाबलं ओमोरी. चूक झाली. टाकून उठायची लाज, शेवटचे चार घास अक्षरशः ढकलले. तू नामीच घे.

मालक विचारंल, ‘अत्सुमोरी?’ म्हणजे नूडल्स गरम पाहिजेत का. मान हलव, नको म्हण. भावनगरी शेवंएवढे जाड नूडल्स दहा-दहा मिनिटं उकडून थंड पाण्यात चोळून धुतात, चावा त्यानंच येतो. पिठात खारं पाणी असतं, आपल्या पापडखाराच्या जातीचं. पिवळा रंग त्याचा.

आता माझी फजिती ऐक. शेजारी छोट्या वाडग्यात रस्सा, तपकिरी, दाट, डुकराच्या हाडांचा आणि सुकवलेल्या मासळीचा. मी सवयीनं वाडगा उचलला आणि मोठा भुरका मारला. मीठ! डोळ्यात पाणी आलं. ते प्यायला नसतंय भावा, बुडवायला असतंय, म्हणून मुद्दाम खारट आणि घट्ट. पोरगा टॉवेलात तोंड घालून हसत होता. मालक हसला नाही. नूडल्स संपल्यावर त्यानं हात पुढं करून माझा वाडगा मागितला, किटलीतनं पातळ गरम रस ओतला, वर चिमूटभर कांद्याची पात टाकून परत दिला. ह्याला ‘सूपु-वारी’ म्हणतात, पैसे लागत नाहीत. तेवढ्यानं तो रस्सा प्यायचा झाला. शेवटच्या तांबड्यात पांढरा ओतून वाटी विसळून पितो ना आपण, तसा खाली मान घालून प्यालो.

झालं की उठायचं. टीप ठेवायची नाही. गप्पा बाहेर.

नाद_खुळा_९:
हे बुडवून खायचं हजार वर्षांपूर्वीचं असणार, सामुराई वगैरे.

राजारामपुरीची लेक:
नाही हो भाऊ, इतकं जुनं नाही. दुकानातले लोक उरलेले नूडल्स सूपमध्ये बुडवून स्वतःपुरते खायचे. यामागिशी काझुओ यांनी १९५५ मध्ये टोकियोतल्या नाकानोच्या दुकानात तेच गिऱ्हाइकांना विकायला काढलं. १९६१ पासून हिगाशी इकेबुकुरोला त्यांचं स्वतःचं दुकान होतं. २०१५ ला ते गेले.

गंगावेशीतले दादा, वहिनींसाठी एक सांगते. वरचे मांसाचे काप काढून द्या म्हटल्याने भागत नाही, पुष्कळदा रस्साच डुकराच्या हाडांचा असतो. ‘भाजी रामेन’ लिहिलंय म्हणून फसू नका, त्यातही तोच असू शकतो. ‘तोरी पाइतान’ शोधा. शब्दशः कोंबडीचा पांढरा रस्सा! नारळाचं दूध नाही, खसखस नाही. कोंबडीची हाडं तासन् तास मोठ्या आचेवर खदखदवतात, चरबी पाण्यात मिसळून रस्सा दुधासारखा होतो. तरी वर डुकराचे काप असू शकतात, म्हणून ‘बुता नाशि?’, म्हणजे डुकराचं नाही ना, असं विचारून घ्या. अगदी निर्धास्त जेवायचं असेल तर टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतान नावाचं रामेनचं दुकान आहे, तिथे मांस, मासे, अंडं काहीच नसतं.

गंगावेशीतला:
बायकोला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, नऊ स्टुलं, बोलायचं नाही, मागं माणसं उभी. मंगल कार्यालयातली शेवटची पंगत बरी. पण पांढऱ्या रश्श्याचं ऐकून तयार झाली. फक्त विचारतेय, पर्समधून कांदा-लसूण मसाल्याची डबी नेली तर चालेल का?

उद्यमनगरचा लेथवाला:
वहिनींना सांग, डबी हॉटेलच्या खोलीत ठेवा. काउंटरवर तिखटाची बाटली असतेच. त्यानं आपलं काही होत नाही, ती गोष्ट वेगळी.