घरचे प्रोटीन बार : प्रमाण, कृती आणि फसण्याची कारणं (अनुभव धागा)

विकतच्या बारच्या वेष्टनावर २० ग्रॅम प्रथिनं छापलेली असतात आणि घरी दाणे-खजूर कुटून थापलेल्या वडीलाही आपण प्रोटीन बारच म्हणतो. दोन्हींत बरंच अंतर आहे. ज्यांचे बार नियमितपणे नीट जमतात त्यांनी इथे लिहावं. प्रमाण ग्रॅममध्ये द्या, वाटी-चमच्यात नको. बार भुगा होतो, दगड होतो, तेल सोडतो, खवट होतो, ते कशामुळे तेही लिहा. ‘हेल्दी आणि टेस्टी’ एवढंच लिहायचं असेल तर निदान फोटो तरी टाका.

वजनकाटा

आधी गणित. ६० ग्रॅमच्या बारमध्ये २० ग्रॅम प्रथिनं हवी असतील तर मिश्रणात ३३ टक्के प्रथिनं हवीत. दाण्यांत साधारण २५ टक्के, बदामात २१, ओट्समध्ये १३ आणि खजुरात जेमतेम २. म्हणजे प्रोटीन पावडरशिवाय तो आकडा गाठणं शक्यच नाही, कितीही बिया घाला.

माझं प्रमाण, १० बारचं:

पीनट बटर (फक्त दाण्यांचं, साखर-तेल न घातलेलं) १५० ग्रॅम
व्हे कॉन्सन्ट्रेट (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर), ८० टक्के प्रथिनांचं, १२० ग्रॅम
बिनबियांचा मऊ खजूर १५० ग्रॅम
ओट्स, भाजून भरड दळलेले, ८० ग्रॅम
भोपळ्याच्या बिया ४० ग्रॅम
कोमट पाणी २० ते ३० मिली, मीठ दोन चिमूट

यातून साधारण १५८ ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे बारमागे १५-१६. कॅलरी २३० च्या आसपास. आठ इंची चौकोनी ट्रेमध्ये बटर पेपर घालून थापलं की जाडी सव्वा सेंटिमीटर येते. सपाट बुडाच्या वाटीने, सगळं वजन टाकून दाबायचं. नीट न दाबलेला बार हमखास तुटतो, मग दोष बिचाऱ्या खजुराला. दोन तास फ्रिजमध्ये ठेवून मगच कापायचं, सुरी वर-खाली दाबून. करवतीसारखी मागेपुढे चालवली की कडा ढासळतात.

खमंग

वरचंच प्रमाण चालतं, पण क्रम महत्त्वाचा. खजूर गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून पूर्ण निथळायचा आणि मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढायचा. भिजवल्यावर तो किती पाणी पितो हे खजुरावर ठरतं, म्हणून यादीतलं २०-३० मिली पाणी लगेच घालू नका, शेवटी लागलं तरच. खजुराची पेस्ट आणि पीनट बटर आधी एकजीव, मग ओट्स आणि बिया, व्हे सर्वांत शेवटी. व्हे आधी घातला तर तो ओलावा ओढून घेतो आणि गुठळ्या राहतात, त्या नंतर मोडत नाहीत.

मिश्रण मळताना तेल सुटून हाताला लागायला लागलं तर लोक आणखी ओट्स घालतात. उलट करायचं: एकेक चमचा कोमट पाणी किंवा दूध घालून मळायचं. बहुतेक वेळा तिथे पाणी कमी पडलेलं असतं, तेल जास्त झालेलं नसतं. दोन चमच्यांत गोळा परत एकसंध होतो.

व्हे गॅसवर ठेवलेल्या किंवा उकळत्या कशातही घालायचा नाही. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तो आळतो आणि रबरासारखा चिवट होतो. प्रथिनं ‘मरत’ नाहीत, पोषण तसंच राहतं, पण दाताला लागतं ते लागतंच.

उलथनं

पहिल्या दिवशी मऊ, चौथ्या दिवशी वीट. व्हेच्या बारची ही नेहमीची तक्रार. प्रथिनं हळूहळू खजूर-मधातलं पाणी ओढत राहतात, त्यामुळे भोवतालचा भाग आवळत जातो. फ्रिजमध्ये पीनट बटरमधलं तेलही घट्ट होतं, म्हणून खायच्या आधी वीस मिनिटं बाहेर ठेवावा. तेवढ्याने मऊ झाला तर तो बिघडलेला नव्हताच.

खरा कडकपणा कमी करायला तीन गोष्टी उपयोगी पडतात. पावडर एकूण वजनाच्या पावपटीच्या आत ठेवणं. खजुरातले ३० ग्रॅम कमी करून तेवढाच मध घालणं, कारण मधातली साखर ओलावा धरून ठेवते. आणि खाण्याचं ग्लिसरीन, वरच्या प्रमाणाला १० ग्रॅम, बास. जास्त झालं की घशाशी गोडसर चटका जाणवतो. केकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळतं, बाटलीवर ते खाण्यासाठीचं असल्याचं लिहिलेलं बघून घ्या. औषधाच्या दुकानातलं त्वचेला लावायचं ग्लिसरीन चालणार नाही.

व्हे संपला म्हणून दुधाची पावडर घालण्याआधी: स्निग्धांशविरहित दूध पावडरीत प्रथिनं ३५ टक्के, पण निम्मं वजन दुधातल्या साखरेचं. बार दोन-तीन दिवसांत रवाळ लागायला लागतो.

डाळंमुरमुरे

व्हे न वापरता, गुळातले. ज्यांना पावडर नकोच आहे त्यांच्यासाठी.

पंढरपुरी डाळ्याचं पीठ १५० ग्रॅम, भाजून सोललेले दाणे भरड १२० ग्रॅम, सोयाबीनचं पीठ ८० ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या ३० ग्रॅम, गूळ २२० ग्रॅम, तूप ४० ग्रॅम, वेलची.

सोयाबीन कच्चं दळून घालायचं नाही. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनेच निकामी होतात. सोयाबीनचे दाणे उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटं शिजवून, उन्हात कडक वाळवून, मंद आचेवर तांबूस भाजून मग दळावेत. नुसतं कढईत परतलं तर बाहेरून रंग येतो आणि आत उग्र वास तसाच राहतो.

गूळ साधा घ्या, चिकीचा नको. चिकीच्या गुळाचा पाक थंड झाला की कडकच होतो, त्याचं कामच ते. साधा गूळ पाव वाटी पाण्यात विरघळवून गाळायचा आणि उकळायचा. पाण्यात थेंब टाकला की बोटांत मऊ गोळी वळली पाहिजे. थर्मामीटर असेल तर ११५ अंशांच्या आसपास. गोळी ताटलीत टाकल्यावर टण्ण वाजली तर तुमची चिकी झाली, आता चिकीच करा. डाळ्याचं पीठ आधी तुपावर पाच मिनिटं भाजून घ्यायचं, नाहीतर बार टाळूला चिकटतो. पाकात लाह्या सगळ्यात शेवटी, दोनदा उलथनं फिरवून लगेच थापायचं. वड्या गरम असतानाच पाडाव्यात.

वजनकाटा

@डाळंमुरमुरे, मिश्रण ६९० ग्रॅमच्या घरात आणि प्रथिनं साधारण १००, म्हणजे ५० ग्रॅमच्या बारला ७ ग्रॅम. खाऊ म्हणून उत्तम, डाळ-धान्य एकत्र असल्याने प्रथिनांची प्रतही चांगली. पण व्यायामानंतरचा बार म्हणून धरायचं तर दोन खावे लागतील आणि त्यात ३० ग्रॅमच्या वर गूळ जाईल. नाव काय द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

डाळंमुरमुरे

७ ग्रॅम मान्य. डाळ्याच्या पिठातले ६० ग्रॅम काढून तेवढंच सोया आयसोलेट (जवळपास निव्वळ प्रथिनांची पावडर) घातलं तर १० च्या जवळ जातं. त्याला तूप २० ग्रॅम वाढवावं लागतं.

हिरवा वाटाणा

दूध न चालणाऱ्यांसाठी वाटाण्याचं किंवा सोयाचं आयसोलेट. व्हेच्या जागी तेवढ्याच वजनाने घालू नका, ही पावडर कितीतरी जास्त पाणी शोषते. १२० ऐवजी ९० ग्रॅम घ्या आणि पीनट बटर ३० ग्रॅम वाढवा. मळून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात पीठ फुगतं, मग पाण्याचा अंदाज घ्या. लगेच थापलं तर तासाभराने वर भेगा दिसतात. वाटाण्याचा कडवट, मातकट वास व्हॅनिलाने झाकला जात नाही. कोको १५ ग्रॅम आणि चमचाभर इन्स्टंट कॉफी, शिवाय मीठ थोडं जास्त, याने झाकला जातो.

फक्त दुधातली साखर पचत नसेल तर मात्र व्हे आयसोलेट बघा, त्यात ती फार थोडी असते. दुधाची ॲलर्जी असेल तर कुठलाच व्हे चालणार नाही.

फडताळ

साठवणीबद्दल. बुरशी पाण्यावर येते. ज्या बारमध्ये वरून दूध किंवा पाणी घातलंय तो बाहेर दोन-तीन दिवसांच्या पुढे ठेवू नये. फ्रिजमध्ये दोन आठवडे, फ्रीजरमध्ये दोन महिने. एकेक बार बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात, नाहीतर सगळ्यांचा एकच गठ्ठा होतो. गुळाचे बार पावसाळ्यात हवेतला दमटपणा ओढून चिकट होतात आणि लाह्या सादळतात. जुलै-ऑगस्टमध्ये लाह्यांऐवजी भाजलेले तीळ वाढवा.

खवटपणा वेगळा, तो तेलावर येतो. जवस दळून घातलेला बार सर्वांत आधी खवट होतो. जवस घालायचंच असेल तर त्याच दिवशी भाजून, दळून घाला आणि बार फ्रिजमध्येच ठेवा. दाणे निवडताना काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशी धरलेले काढून टाका. बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही, त्यामुळे ‘भाजून घेऊ’ हा उपाय नाही.

कोको

वरून चॉकलेट हवं असेल तर: बार फ्रिजमधून काढल्या काढल्या बुडवू नका, पृष्ठभागावर दव धरतं आणि पाण्याच्या थेंबाने वितळलेलं चॉकलेट गच्च आवळतं. बार बाहेर ठेवून पुसून घ्या. आपल्या उन्हाळ्यात खरं चॉकलेट डब्यात टिकत नाही, कंपाऊंड (कोको बटरऐवजी वनस्पती तूप घातलेलं) टिकतं. चव मात्र खऱ्याचीच. मी फक्त बारच्या तळाला पातळ थर देते, बोटं कमी भरतात.

हिशेबनीस

खर्च. व्हे किलोला २५००, दाणे १८०, खजूर ४००, ओट्स २००, भोपळ्याच्या बिया ७०० धरल्या तर @वजनकाटा यांचा घाणा ४३० रुपयांना पडतो, बार ४३ ला. त्यातले ३०० एकट्या व्हेचे. म्हणजे बचत व्हे कितीला मिळतो यावर आहे, दाणे घाऊक आणून फार फरक पडत नाही. व्हे घेताना डब्याची किंमत बघू नका, १०० ग्रॅममागची प्रथिनं बघून ग्रॅमला किती रुपये पडतात ते काढा.

मधुमेह असणाऱ्यांनी: साखर घातली नाही म्हणून बार बिनसाखरेचा होत नाही. १५० ग्रॅम खजुरातून बारमागे ९-१० ग्रॅम साखर येतेच. खजूर ८० ग्रॅमवर आणून पीनट बटर तेवढं वाढवलं तरी बार बांधला जातो, फक्त जरा भुसभुशीत, आणि कॅलरी बारमागे साधारण २२ ने वाढतात.