अनुभव धागा: समलिंगी विवाहाची मागणी बहुजन चळवळीने आपली मानावी का? कामातून कळलेला तपशील द्या

तिठा (धागाकर्ता): १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला, तोही एकमताने. जोडीदारीला निदान काही कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर ३ विरुद्ध २ असा निकाल लागला. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या गेल्या. आता चेंडू संसदेकडे. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुस्लिम संघटनांच्या बैठकांत "हे शहरी उच्चभ्रूंचं खूळ" असं ऐकू येतं. केंद्राच्या न्यायालयीन म्हणण्यातही हाच सूर होता. भावनांवर पुष्कळ बोलून झालंय. इथे फक्त असं लिहा, की कायदा, नोंदणी, भरपाई, आरक्षण यांत नेमकं काय अडतं. स्वतःच्या प्रेमकहाण्या नकोत, त्यांना वेगळा धागा आहे.

नोंदणीखिडकी: विशेष विवाह कायदा, १९५४ पासून सुरू करतो, कारण मागणी मुख्यतः त्याचीच आहे आणि आंतरजातीय-आंतरधर्मीय जोडपीही त्याच दारातून जातात. क्रम असा: दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, मग कलम ५ ची नोटीस. ती कार्यालयात दर्शनी जागी लागते. कोणीही ३० दिवसांत हरकत घेऊ शकतो. हरकत आली की अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी संपवायची. शेवटी तीन साक्षीदार. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

बिघडतं कुठे? हरकत फक्त कलम ४ च्या अटींवर घेता येते: वय, आधीचं लग्न, मनोवस्था, निषिद्ध नाती. "जात वेगळी आहे" ही हरकतच नव्हे. पण हरकत फेटाळली गेली तरी आडनाव आणि पत्ता महिनाभर भिंतीवर असतो. घरच्यांना कळायला तेवढं पुरे. खोडसाळ हरकतीला दंड किती? जास्तीत जास्त १,००० रुपये. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं, पण तो निकाल देशभर बंधनकारक नाही.

म्हणून "पती-पत्नी"च्या जागी "जोडीदार" एवढाच बदल मागितला तर समलिंगी जोडप्यांच्या वाट्याला हीच भिंत येईल. शिवाय कलम ४ मध्ये पुरुष २१, स्त्री १८ असं वय आहे. दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष असतील तर कोणतं धरायचं, हे लिहावं लागेल. नोटीस काढून टाकण्याची मागणी दोघांची एकच आहे. एकत्र यायला माझ्या मते एवढं कारण पुरे.

मैलाआणिमाणूस: विवाहाच्या निकालानंतर तीनच दिवसांनी, २० ऑक्टोबर २०२३ ला, सर्वोच्च न्यायालयानेच गटारात मरणाऱ्या सफाई कामगाराच्या कुटुंबाची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. या कामात कोणत्या जाती आहेत ते सांगायला नको. आता प्रश्न: "कुटुंब" कोण? दावा करताना व्यवहारात वारस दाखला मागतात. हिंदू पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत बायको, मुलं, आई. वडीलसुद्धा दुसऱ्या वर्गात. दहा वर्षं एका खोलीत संसार केलेला जोडीदार कुठल्याच वर्गात नाही.

भविष्यनिर्वाह निधीचंही ऐका. सभासदाला "कुटुंब" असेल तर नामनिर्देशन कुटुंबातच करावं लागतं, आणि अवलंबून असलेले आईवडील कुटुंबात मोडतात. म्हणजे जो घरी पैसे पाठवतो त्यालाच जोडीदाराचं नाव घालता येत नाही. श्रीमंताकडे वकील आणि मृत्युपत्र असतं. कंत्राटी कामगाराची सगळी मालमत्ता म्हणजे हा निधी आणि ही भरपाई. मग लग्नाचा हक्क उच्चभ्रूंचा कसा?

पोथीफाड्या: लग्नाला मान्यता नसणं आपल्याला नवं नाही. सत्यशोधकांनी १८७३ पासून भटाविना लग्नं लावली, तर जुन्नर-ओतूरकडच्या ग्रामजोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्ट गाठलं. तमिळनाडूत पेरियारांच्या स्वाभिमान विवाहांना (पुरोहिताविना लग्नांना) मद्रास उच्च न्यायालयाने अवैध ठरवलं होतं. अण्णादुराई सरकारने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घातलं: नातेवाईक, मित्र किंवा इतर कोणासमोर एकमेकांना समजेल अशा भाषेत स्वीकार केल्याचं सांगा, किंवा हार घाला, किंवा अंगठी, किंवा ताली (तिकडचं मंगळसूत्र). झालं लग्न.

त्यातली खरी मेख बरेच जण विसरतात. ते कलम मागच्या तारखेपासूनच्या लग्नांनाही लागू केलं, म्हणून आधीच्या जोडप्यांच्या मुलांचा वारसा वाचला. उद्या समलिंगी विवाहाचं विधेयक आलं तर मसुद्यात हे वाक्य आहे का, ते आधी बघा.

अवांतर: १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यात वाचकांच्या समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांचाही विषय होता. कर्व्यांचे वकील होते बाबासाहेब. खटला हरले, तरी उभे राहिले.

आडवीरेघ: थोडं उलट बोलते. तृतीयपंथी दलितांसाठी लग्न पहिल्या क्रमांकावर नाही, आरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नाल्सा निकालाने तृतीयपंथीयांना सामाजिक-शैक्षणिक मागास मानायला सांगितलं. मध्य प्रदेशाने २०२३ मध्ये त्यांना ओबीसी यादीत घातलं. अडचण अशी, की जन्माने अनुसूचित जातीची असलेली व्यक्ती एकाच उभ्या रकान्यात (अनुसूचित जाती किंवा ओबीसी अशा एकाच प्रवर्गात) बसू शकते. एक निवडला की दुसरा गेला, आणि ओबीसीत स्पर्धाही वेगळी. कर्नाटकाने २०२१ मध्ये प्रत्येक प्रवर्गात १ टक्का समांतर आरक्षण दिलं. जात राहते आणि लिंगओळखही मोजली जाते. विवाहहक्काच्या मोर्च्यांत या मागणीचा फलक दिसला नाही, तर "तुम्ही आमच्यासाठी काय केलंत" हे विचारलं जाणारच. पाठिंबा द्या, पण उधारीवर नको.

आणि समलिंगी लग्नाने जात आपोआप मोडत नाही. २०१५ ची मुंबईतली ती 'वर पाहिजे' जाहिरात आठवा: जातीची अट नाही, पण अय्यर (तमिळ ब्राह्मण) असल्यास प्राधान्य!

तिठा: @आडवीरेघ, शेवटच्या ओळीला +१.

कागदपत्री: कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांनी लोकांना काय करून द्यावं:

मृत्युपत्र. दोन साक्षीदार, ज्याला मिळणार तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. घरचे आव्हान देतात तेव्हा उपयोग होतो. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा.

बँकेत संयुक्त खातं आणि नामनिर्देशन. यावर बंदी नसल्याचं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. शाखेत नाही म्हणाले तर तो खुलासा छापून न्या. पण नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे. म्हणून मृत्युपत्रात त्याच खात्याचा उल्लेख हवाच.

बक्षीसपत्राचा मोह टाळा. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक २०० रुपये; जोडीदार कायद्याने परका, त्यामुळे खरेदीखताइतका मुद्रांक, वर ५०,००० पुढच्या बक्षिसावर घेणाऱ्याला आयकर. जमीन महार वतनाची असेल तर १९५८ च्या कायद्याची नवीन शर्त आडवी येते, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना हस्तांतर नाही. आधी सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग (जमीन कोणत्या शर्तीवर आहे ते) बघा, मगच वकिलाकडे जा.

रातपाळी: पळून आलेल्या जोडप्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल खिशात ठेवा. मार्च २०१८ चा शक्ती वाहिनी निकाल जातपंचायत-खापविरोधी आहे: जिल्हा पातळीवर विशेष कक्ष, सुरक्षित निवारा. ११ मार्च २०२४ चा निकाल थेट समलिंगी जोडप्यांना लागू पडतो: हेबियस कॉर्पसमध्ये (डांबून ठेवलेल्या व्यक्तीला कोर्टात हजर करण्याच्या याचिकेत) न्यायाधीशांनी व्यक्तीशी एकांतात बोलायचं, घरच्यांना बाहेर ठेवायचं, ओळख बदलण्यासाठी समुपदेशनाला धाडायचं नाही, धोका दिसला तर लगेच संरक्षण द्यायचं. अर्जात जात वेगळी असल्याचं लपवू नका. आंतरजातीय असेल तर पहिल्या निकालाचं बळही मिळतं, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला बिगर-अनुसूचित माणसाने धमकी दिली असेल तर ॲट्रॉसिटीचं कलमही तपासता येतं. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या आणि पोच घ्या.