सोसायटीने घरात कंपोस्ट करायला अडवलंय का? तुमचे अनुभव लिहा (ठाणे-नवी मुंबई)

घोडबंदर रोडला राहते. आमच्या कमिटीने सर्क्युलर काढलंय की बाल्कनीत खताचे डबे ठेवायचे नाहीत, कारण वास आणि झुरळं, पण वास नक्की कोणाला आला ते कोणी सांगत नाही. स्वतःच्या घरात खत करायला पण परवानगी लागते का? तुमच्याकडे काय झालं आणि कशाने काम झालं ते सविस्तर लिहा प्लीज.

नेरूळवरून -
ताई, सेक्रेटरीशी तोंडी वाद घालत बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आम्ही घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ ची प्रत जोडली होती, त्यात ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गेटेड सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असं होतं आणि आमचा प्लॉट त्याहून मोठा, म्हणजे कमिटीनेच जे करायला हवं ते आम्ही घरात करत होतो! विषय एजीएमच्या (सोसायटीच्या वार्षिक सभेच्या) अजेंड्यावर घ्यायला लावला, तिथे बऱ्याच बायका आमच्या बाजूने बोलल्या आणि बंदी उठली.

वाशी -
बाल्कनी वेगळी, गच्ची वेगळी. गच्ची सगळ्यांची, तिथे ड्रम ठेवायचा तर ठराव हवाच. आम्ही आधी ठराव करून घेतला, टाकीपासून लांब जागा ठरवली, ड्रम विटांवर ठेवले म्हणजे खाली ओल धरत नाही.

कोपरी, ठाणे -
नियम दाखवा पण वास येऊ देऊ नका, नाहीतर शेजारी कायमचे विरोधात जातात. वास येतो तो पाणी साचल्याने आणि हवा न मिळाल्याने. आमटी-भात निथळून टाकायचा, डब्याला भोकं हवीत, प्रत्येक थरावर सुका पाला नाहीतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अधूनमधून हलवायचं. पाला मार्च-एप्रिलमध्येच माळीदादांना सांगून गोण्यांत भरून ठेवा, जुलैत कोरडं पान मिळत नाही. आळ्या दिसल्या तरी औषध मारू नका, त्या कचराच खातात, वर पाल्याचा जाड थर द्या आणि झाकण नीट लावा.

दिवा -
ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं आमच्याकडे येऊन पडायचा, धुराने खिडक्या उघडता यायच्या नाहीत. त्यामुळे घरात खत करणाऱ्याला कोणी अडवलं की फार राग येतो. ताई, डबे काढू नका.

घोडबंदर -
खूप आभार सगळ्यांचे. नेरूळकर, तुमच्या अर्जाचा मजकूर इथे टाकाल का? आमच्या विंगमधल्या अजून दोन घरांना पण सही करायचीये.