रक्तवाहिनी रुंदावते, विस्फारते की सैलावते?

प्रश्न (परळ)
रक्तदाबाच्या औषधाच्या चाचणीसाठी रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'व्हॅसोडायलेटर'पाशी अडले. परिभाषेत 'वाहिनीविस्फारक' आहे. काल लालबागच्या एका आजोबांना मसुदा वाचून दाखवला. त्या शब्दाशी त्यांनी मला थांबवलं. मनगटावरची शीर अंगठ्याने दाबत म्हणाले, "बाई, डोळे विस्फारतात. शीर विस्फारली म्हणजे फुटायला आली का?" असा धसका घेऊन कुणी संमतीची सही करावी, हे मला अजिबात पटत नाही. 'रक्तवाहिन्या रुंद करणारे औषध' चालेल?

प्रतिसाद (शीव)
औषधशास्त्र शिकवते म्हणून सांगते, 'रुंद' कळायला सोपा, पण त्याने चित्र चुकतं. औषध वाहिनीला ताणून मोठी करत नाही. तिच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो, तो आवळलेला असतो. तो सैल पडला की पोकळी आपोआप वाढते. अ‍ॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचं औषध त्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही. लोसार्टन हे दुसरं औषध अँजिओटेन्सिन या संप्रेरकाचा 'आवळ' हा निरोप पोचू देत नाही. शेवट दोन्हींचा एकच, सैलावणं.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. उंदराच्या महाधमनीचं दोन-तीन मिलिमीटरचं कडं दोन बारीक तारांत अडकवून ३७ अंशांच्या क्षारद्रावणात ठेवतात, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे चालू. फेनिलएफ्रिन घातलं की कडं आवळतं आणि आलेखाची रेघ चढते. मग औषधाची मात्रा वाढवत न्यायची, की रेघ पायरीपायरीने उतरते. मोजला जातो तो ओढ किती याचा आकडा, रुंदी नव्हे. १९८० मध्ये शास्त्रज्ञ फर्चगॉट यांनी दाखवलं की आतलं अस्तर खरवडलेलं असेल तर अ‍ॅसिटिलकोलिन या एरवी सैल करणाऱ्या रसायनाने कडं सैलावतच नाही. 'अंतःस्तर'ऐवजी 'अस्तर' लिहा. ब्लाउजला असतं तसं, लगेच कळतं.

प्रतिसाद (दादर)
'सैलावणारे'ला माझंही मत. फक्त 'वाहिनीचा ताण' टाळा, लोक त्याचं टेन्शन करतात. आणि 'प्रयोग' नको, 'चाचणी'च ठेवा. 'आमच्यावर प्रयोग करताय?' हा प्रश्न हमखास येतो.

परळच्याच केईएम रुग्णालयाशी संबंधित डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा ही वनौषधी देऊन निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात छापले. शीर्षकातच 'क्लिनिकल ट्रायल' आहे. सर्पगंधेतलं रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा साठा रिकामा करतं, म्हणजे आवळण्याचा निरोपच आटतो. त्यालाही 'सैलावणं' फिट बसतं, 'विस्फारणं' नाही. मुंबईकरांनी डॉ. वकील यांचं नाव विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्तीकडून
ताई, दादा, दोघांचे आभार. आज आजोबांना नवं वाक्य वाचून दाखवलं: 'या औषधाने रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले आवळलेले स्नायू सैल पडतात, म्हणून रक्ताला वाट मोकळी मिळते आणि दाब उतरतो.' त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग माझे घोटे सुजतात ते यानेच का?" ते आधीपासून अ‍ॅम्लोडिपिन घेतात. सूज येऊ शकते हे पत्रकात होतं, पण पान ४ वर, 'परिधीय शोफ' या नावाने. ते आता पहिल्या पानावर घेतलंय: 'घोट्यांना सूज'.