शाहूवाडी तालुक्यातल्या घरांचं मिडियन उत्पन्न काढायचं कसं? (२०११ ते आजवर)

प्रश्न (डोंगरवाटा):
नमस्कार मंडळी, शिवाजी विद्यापीठात एम.ए. इकॉनॉमिक्सला आहे. प्रोजेक्टला घेतलंय शाहूवाडीतल्या कुटुंबाचं मिडियन उत्पन्न (घरं उत्पन्नाच्या क्रमानं लावली की मधोमध येणाऱ्या घराचं) २०११ पासून कसं बदललं. घेताना सोपं वाटलेलं. जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्नच नसतो हे विषय मंजूर झाल्यावर कळलं (हसू नका). २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत नुसते तीन गट आहेत, महिना ५ हजारांच्या आत, ५ ते १० आणि १० च्या वर. मी म्हणतोय कोल्हापूर जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न घ्यायचं, घरातल्या माणसांनी गुणायचं, महागाई काढून टाकायची आणि मोकळं व्हायचं. चालंल का?

आकडेमोड:
न्हाई चालत भावा. दरडोई उत्पन्नात गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, हुपरीची चांदी, इचलकरंजीचे माग सगळं आलं, त्यातलं शाहूवाडीच्या डोंगरातल्या घरात किती पोचतंय? वर ती सरासरी. दहा घरांपैकी नवांना महिना १५ हजार आणि एकाला ३ लाख असले तर सरासरी ४३,५०० निघते, मिडियन १५ हजारच.
अजून एक. शेतकरी कुटुंबांच्या एनएसएस (केंद्र सरकारची नमुना पाहणी) सर्व्हेत २०१८-१९ ला महिना १०,२१८ रुपये आलेत आणि नाबार्डच्या २०२१-२२ च्या सर्व्हेत १२,६९८. हे दोन्ही देशाचे, दोन्ही सरासरी, आणि पहिल्यात फक्त शेतकरी घरं तर दुसऱ्यात गावातली सगळीच. या दोन टिंबांना रेघ मारून "वाढ" दाखवणारे लई बघितलेत, तू त्यात जाऊ नकोस. आणि तो १०,२१८ सुद्धा खिशातनं गेलेला खर्च तेवढाच वजा करून आहे, घरच्या माणसांची राबणूक वगैरे धरली की ८,३३७ वर येतो.

खालचा_गट:
२०११ च्या गणनेबद्दल. ते उत्पन्न घराचं नाहीच, घरात सगळ्यात जास्त कमावणाऱ्या एकाचं आहे. दोन भाऊ कमावते असले की घर गरीब दिसणार. शिवाय देशातली साधारण ७४.५ टक्के ग्रामीण घरं ५ हजारांच्या आतच, म्हणजे मिडियन तळाच्या गटात अडकला. पुस्तकातलं सूत्र लावलं तर ५००० गुणिले ५० भागिले ७४.५, म्हणजे ३,३५६ येतं, पण ते शून्यापासून ५ हजारापर्यंत घरं सारखी पसरलीत असं धरून. शून्यावर कोण जगतंय? म्हणून आकडा देऊच नको, "५ हजारांच्या आत" एवढंच लिही, तेवढंच खरं आहे.

पायताण:
मी फॉर्म भरत गावोगाव हिंडलोय म्हणून सांगतो, "उत्पन्न किती" असं सरळ विचारलंस की माणूस दाखल्यावरचा आकडा सांगणार. केशरी कार्डाची मर्यादा वर्षाला १ लाख, मग सगळं गाव १ लाखाच्या आत! तुकडे करून विचार. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतंय ते तोंडपाठ असतं, उसाचं वर्षाचं विचार, महिन्याचं नको, नायतर बिल जमा झालेल्या महिन्यात घर श्रीमंत आणि पुढं भिकारी. मुंबईला असलेला पोरगा काय पाठवतो ते शेवटी विचार, चहा झाल्यावर. आणि घरचं भात, घरचं दूध पैशात धर. २०१९ आणि २०२१ महापुराची सालं, ती सुरुवातीचं किंवा शेवटचं वर्ष म्हणून धरू नकोस. भाऊ वेगळे झालेत का तेबी लिहून ठेव, एका चुलीच्या दोन झाल्या की कुणाची कमाई कमी न होता मिडियन खाली येतोय.

सातासमुद्रापार:
मूळचा गडहिंग्लजचा, आता अमेरिकेत. इथं लहान काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मिडियन मिळतो पण ६५ हजारांच्या आत लोकसंख्या असली तर पाच वर्षांचे सर्व्हे एकत्र करून, आणि २०१५-१९ ची २०१६-२० शी तुलना करू नका म्हणतात कारण चार वर्षं तीच. दुसरा एक अंदाज आहे त्यात सर्व्हेला इन्कम टॅक्सच्या रिटर्नची जोड देतात. आपल्याकडं शेतीच्या उत्पन्नाला टॅक्सच नाही, त्यामुळं ती वाट बंद. पक्कं घर, दुचाकी असल्या गोष्टींवरनं उत्पन्नाचा अंदाज बांधणारं मॉडेल बसवता येतं, पण एम.ए. च्या प्रोजेक्टला एवढं कशाला?

डोंगरवाटा:
सगळ्यांचे आभार, झोप उडवलीत. मग असं करतो, २०११ चं नुसतं गटांचं कोष्टक देतो, मधली वर्षं सोडून देतो आणि आताचं स्वतः १०० घरं फिरून काढतो. पुरतील का?

आकडेमोड:
घरं चिठ्ठ्या टाकून निवडलीस तर पुरतील, रस्त्याकडंची धरू नकोस. उत्पन्नाच्या चढत्या क्रमानं लाव, ४० वं घर आणि ६१ वं घर बघ, खरा मिडियन ९५ टक्के खात्रीनं त्या दोघांच्या मधी. ते अंतर रिपोर्टात लिहीच, गाईड नको म्हटले तरी.

पायताण:
आणि पावसाळ्याआधी जा मर्दा, आंब्याकडच्या वाड्यांवर नंतर पोचायचं नाव नको.