मदत हवी आहे: एफएन एम ७० 'सहारा', तापल्यावर बंद पडते

बेल्जियममधल्या एर्स्टालची जुनी मोटरसायकल एफएन एम ७०, ३५० सीसी, साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), मॅग्नेटो इग्निशन (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज स्वतः बनवणारं). थंड असताना दुसऱ्या किकला सुरू. दहा किलोमीटरनंतर मिसफायर, मग बंद; अर्ध्या तासाने पुन्हा ठणठणीत.

पॉइंट (मॅग्नेटोतला वीज तोडणारा स्विच) गॅप ०.३ मिमी, प्लग गॅप ०.५, नवा प्लग, कार्ब्युरेटरचा जेट साफ, टाकीच्या झाकणाचं भोक मोकळं. गरम इंजिनला प्लगवर ठिणगी पिवळट, बारीक. कॉम्प्रेशनही किंचित कमी लागतं, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो नि पूर्ण बसत नाही, हीही शंका आहे.

संशय मुख्यतः कंडेन्सरवर (पॉइंटला जोडलेला, ठिणगी जोरकस ठेवणारा भाग). आर्मेचरमध्ये (मॅग्नेटोचा फिरणारा, तारेच्या वाइंडिंगचा भाग) बसेल असा ०.१ ते ०.२ मायक्रोफॅरडचा कुणी बसवलाय? वाइंडिंगही लगेच बदलावं का? या मॉडेलचा कारखान्याने दिलेला टॅपेट गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला उचलणाऱ्या टॅपेटमधली फट) कुणाकडे आहे?